न जाणारी चामखीळ: काउंटरच्या दोन्ही बाजूंनी पाहिलेली

फलटणला आमचं औषधाचं दुकान आहे आणि गेली एकोणीस वर्षं काउंटरवर मी असते. गोळ्यांची पट्टी कात्रीनं कापायची, पाकिटावर सकाळ-संध्याकाळ लिहायचं, सुट्टे परत द्यायचे. दिवसभर गिऱ्हाइकाची नजर माझ्या हातांवर असते. त्याच उजव्या हाताच्या अंगठ्याला, नखाच्या कडेनं, चार चामखिळी आल्या. मग एक तर्जनीला आली आणि एक अंगठ्याच्या पेरावर, जिथं कात्रीची कडी घासते बरोबर तिथंच. एकूण सहा. तीन वर्षं त्या माझ्या हातावर होत्या. एका आजींनी एकदा पट्टी माझ्या हातातून न घेता "तिथंच ठेव बाई, मी उचलते" म्हटलं, ते अजून आठवतं.

आज त्यातली एकही नाही. मी डॉक्टर नाही, बी. फार्म. आहे. पण औषध विकणारी आणि औषध लावून कंटाळलेली, अशी दोन्ही मी होते, आणि "ताई, चामखिळीचं काहीतरी द्या" म्हणून हात पुढे करणाऱ्या प्रत्येकाला जे सांगायला दुकानात वेळ मिळत नाही ते इथं सविस्तर लिहिते आहे.

आधी ती चामखीळच आहे ना, ते बघा

मराठीत हा शब्द फार सैल आहे. मानेवर देठासारखा लोंबणारा मऊ मांसाचा तुकडा, त्यालाही आपण चामखीळच म्हणतो. त्याचा आणि विषाणूचा काही संबंध नाही, त्यामुळे पुढचं काहीही त्याला लागू नाही. मी बोलते आहे ती खरखरीत, टणक, जवळून बघितलं तर फुलकोबीच्या तुऱ्यासारखी दिसणारी चामखीळ. ती ह्यूमन पॅपिलोमा व्हायरसमुळे, म्हणजे एचपीव्हीमुळे येते.

तळव्यावरची ओळखणं अवघड. अंगाच्या वजनानं ती आत दाबली जाते, वर घट्ट्यासारखा थर चढतो आणि माणूस कुरूप समजून कॉर्न कॅप घेऊन जातो. घरी असं करा: पाय दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, वरचा मेलेला थर वजरीनं हलका काढा आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यात ती जागा मोठी करून बघा. कातडीवरच्या बारीक रेषा कुरुपावरून तशाच पुढे जातात. चामखिळीपाशी त्या तुटतात, तिला वळसा घालून जातात. आत खसखशीएवढे काळे ठिपके दिसले तर शंका उरत नाही. आणखी एक खूण: सरळ अंगठ्यानं दाबल्यावर कुरूप दुखतं, पण चिमटीत धरून दोन्ही बाजूंनी दाबलं की चामखीळ कळ देते.

त्या काळ्या ठिपक्यांना लोक 'बी' किंवा 'मूळ' म्हणतात आणि सुईनं उकरायला बसतात. चामखिळीला मूळ नसतं. कातडीच्या अगदी वरच्या थरातच ती वाढते, आणि ते ठिपके म्हणजे तिच्यात वर ओढल्या गेलेल्या केसाएवढ्या रक्तवाहिन्यांत साकळलेलं रक्त. उकरलं की रक्त येतं आणि विषाणू शेजारच्या कातडीत पेरला जातो.

काही जणांना मात्र मी चामखिळीवर लावायच्या आम्लाची बाटली देतच नाही. मधुमेह असेल आणि चामखीळ पायावर असेल तर आधी डॉक्टर. बधिर पायावर आम्लानं किती भाजलं हे कळतच नाही आणि जखम महिनोन्महिने भरत नाही. चेहरा, पापणी, गुप्तांग या जागी घरचा उपचार नाही. साठीनंतर नव्यानंच काहीतरी चामखिळीसारखं उगवलं, झपाट्यानं वाढलं, आपोआप रक्त यायला लागलं किंवा एकाच नखाखाली वर्षानुवर्षं बसून राहिलं, तर ते त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. क्वचित ती चामखीळ नसतेच, कातडीचा कर्करोग असतो.

ती इतके दिवस राहते कशी

हे समजून घेतलं नाही तर उपचार पाचव्या दिवशी सोडला जातो, म्हणून जरा थांबून सांगते.

चामखीळ संसर्गानं होते हे पक्कं दाखवलं इटलीच्या ज्युझेप्पे चुफो या डॉक्टरनं, १९०७ साली. चामखिळीचा अर्क त्यानं इतक्या बारीक गाळणीतून गाळला की त्यात जंतू उरणार नाहीत, आणि तो स्वतःच्या कातडीत घातला. काही महिन्यांनी तिथं चामखिळी उगवल्या. आज एचपीव्हीचे दोनशेहून जास्त प्रकार माहीत आहेत. हातापायावर येणारे प्रकार वेगळे आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण होणारे १६, १८ हे वेगळे. एचपीव्ही हे नाव ऐकून मुलाच्या हातावरच्या चामखिळीनं कर्करोग होईल का, असं विचारत आई घाबरीघुबरी येते. निरोगी मुलाच्या बाबतीत ती भीती मनातून काढून टाका.

हा विषाणू कातडीतल्या बारीकशा खरचट्यातून आत शिरतो आणि वरच्या थराच्या तळाशी जाऊन बसतो. त्या थरात रक्तवाहिन्या नसतात. आपल्या पांढऱ्या पेशींची गस्त मुख्यतः रक्तातून, म्हणजे त्याच्या खालून चालते. विषाणू रक्तात उतरतच नाही. पेशी फोडत नाही, पू करत नाही, ताप आणत नाही. तळाशी अगदी गुपचूप राहतो आणि नवे विषाणू तयार करतो ते अगदी वर, ज्या पेशी उद्या-परवा झडूनच जाणार असतात त्यांच्यात. रानडुक्कर शिरलं की उभं पीक मोडतं, आवाज होतो, राखणदार उठतो. हा मोडतोड न करता बांधाकडेला राहणारा आहे, त्यामुळे राखणदाराला उठायचं कारणच मिळत नाही.

शरीराच्या एकदा लक्षात आलं की मात्र चामखीळ टिकत नाही. मुलांमधल्या साधारण दोन-तृतीयांश चामखिळी काहीही न करता दोन वर्षांत जातात. माझ्या धाकट्याच्या टाचेला होती, तो तेव्हा नऊ वर्षांचा. दुखत नव्हती, म्हणून मी मन घट्ट करून तिला हात लावला नाही. दीड वर्षांनी एकदा मोजे काढताना बघितलं तर टाच गुळगुळीत. तिथं काही होतं हे तो विसरूनही गेला होता.

म्हणूनच प्रत्येक गावात चामखिळीचा एक हमखास उपाय असतो. जाणारी चामखीळ जाते, आणि त्या आठवड्यात जे लावलेलं असेल त्याला श्रेय मिळतं. होमिओपॅथीच्या थुजाबद्दलही माझं हेच मत आहे, माझ्याच दुकानात ते मागणारे बरेच असले तरी.

आता मुख्य गोष्ट. आम्ल, बर्फासारखी थंडी, जाळणं, यातलं काहीही एचपीव्हीचं औषध नाही. विषाणूला थेट मारणारी गोळी, जशी नागिणीवर मिळते, तशी चामखिळीवर नाही. हे उपचार दोन कामं करतात: विषाणू भरलेल्या पेशींचा ढीग कमी करतात, आणि तिथं थोडी सूज, थोडी आग निर्माण करून प्रतिकारशक्तीचं लक्ष तिकडं वळवतात. फुटलेल्या पेशींतले विषाणूचे तुकडे कातडीतल्या पहारेकरी पेशी उचलतात, जवळच्या लसिका गाठीत नेऊन दाखवतात आणि तिथून लढणाऱ्या पेशी निघतात. हे एकदा मनात बसलं की मी पुढे सांगते ते सगळं सरळ समजेल.

बाटली लावायची तर अशी

सुरुवात सॅलिसिलिक आम्लानं करा. आपल्याकडे मिळणाऱ्या बाटलीत बहुधा सॅलिसिलिक आणि लॅक्टिक आम्ल, दोन्ही १६.७ टक्के, कलोडियनमध्ये असतात. कलोडियन म्हणजे तो नेलपॉलिशसारखा वाळणारा, पापुद्रा धरणारा भाग. दहातले आठ जण ही बाटली चुकीची वापरतात आणि "काही उपयोग नाही" म्हणून परत येतात. मी स्वतः पहिले चार महिने चुकीचीच वापरली. नुसता थेंबावर थेंब चढवत गेले, खाली मेलेली कातडी साचत गेली आणि औषध खालपर्यंत पोचलंच नाही.

रात्रीची वेळ ठरवा, सगळी कामं आवरल्यावर. बोट किंवा तळवा पाच ते दहा मिनिटं कोमट पाण्यात बुडवून ठेवा. बाहेर काढल्यावर चामखीळ पांढरी, भिजलेल्या कागदासारखी दिसते. ती पांढरी कातडी नखं घासायच्या पुठ्ठ्याच्या कानशीनं खरवडून काढा. गुलाबी दिसायला लागलं की थांबा, रक्त येईपर्यंत जायचं नाही. ही कानस फक्त चामखिळीची. तिनं दुसरं नख घासायचं नाही, घरात दुसऱ्या कुणाला द्यायची नाही, दर दोन आठवड्यांनी टाकून नवी घ्यायची. पायासाठी वजरी वापरत असाल तर तीही वेगळी ठेवा; न्हाणीघरातली सगळ्यांची वजरी वापरली तर घरभर प्रसाद वाटल्यासारखं होईल.

मग हात कोरडा पुसा. चामखिळीच्या कडेनं चांगल्या कातडीवर व्हॅसलीनचं कडं काढा, बांगडीसारखं पूर्ण. आता टूथपिकनं किंवा काडेपेटीच्या काडीच्या मागच्या टोकानं औषधाचा एकच थेंब मधोमध. ब्रशनं लावलं की पसरतं. थेंब वाळू द्या, दुसरा ठेवा, तोही वाळू द्या आणि वरून कागदी चिकटपट्टी घट्ट लावून झोपा. दुसऱ्या रात्री पट्टी आणि जुना पापुद्रा काढून पुन्हा पहिल्यापासून.

लाल होऊन ठणकायला लागलं तर दोन-तीन दिवस सुट्टी, मग पुन्हा सुरू. थोडी चुणचुण चालते, ती हवीच आहे.

हे बारा आठवडे. सांगताना मी कॅलेंडरवर तारीख लिहून देते, कारण बारा आठवडे म्हणजे किती हे माणसाला तिसऱ्या आठवड्यात कळतं.

बाटलीबद्दल दोन गोष्टी. तिच्यात ईथर असतं, ते पेट घेतं. देव्हाऱ्यातल्या समईजवळ, गॅसजवळ उघडायची नाही. आणि झाकण लगेच घट्ट लावायचं, नाहीतर आठवड्यात आत डिंक होतो. गरोदर बाई असेल किंवा अगदी लहान मूल असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका.

चिकटपट्टीचंही बरंच बोललं जातं, नुसती पट्टी लावून चामखीळ जाते म्हणून. २००२ साली अमेरिकेतल्या एका छोट्या अभ्यासात जाड डक्ट टेपनं ८५ टक्के जणांच्या गेल्या असं दिसलं आणि जगभर गाजलं. नंतरच्या अभ्यासांत तसा फायदा दिसला नाही. मी पट्टी सुचवते ती औषध जागेवर राहावं आणि मुलाचं बोट तोंडात जाऊ नये यासाठी.

जे मी केलं आणि तुम्ही करू नका

सासूबाईंनी सांगितलं, चुना आणि धुण्याचा सोडा कालवून ठेव, दोन दिवसांत गळून पडते. पडली खरी. सोबत अंगठ्याची चांगली कातडीही गेली. चुना आणि सोडा पाण्यात एकत्र आले की कॉस्टिक सोडा तयार होतो, आणि तो चामखीळ कुठं संपते ते बघत नाही. पंधरा दिवस मी डाव्या हातानं पट्ट्या कापल्या, आणि महिन्यानं त्याच व्रणाच्या कडेनं तीन नव्या चामखिळी, गोल कडं करून. सासूबाईंना माझ्याइतकंच वाईट वाटलं. त्यांच्या माहेरी हाच उपाय चालायचा आणि त्यांच्या स्वतःच्या चामखिळी त्यानंच गेल्या होत्या, निदान त्यांना तसं वाटत होतं.

बिब्ब्याचं तेल त्याहून वाईट, त्यानं फोड येतात आणि आजूबाजूची कातडी काळी पडते. रुईचा किंवा शेराचा चीक चुकून डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. घोड्याच्या शेपटीचा केस बांधणं, अगरबत्तीचा चटका देणं, ब्लेडनं कापणं हेही नको. दाढी करताना चामखिळीवरून वस्तरा फिरला तर गालभर ओळीनं उठतात. बरी होईपर्यंत दाढी कात्रीनं किंवा ट्रिमरनं करा.

माझ्या अंगठ्याला त्या आल्या त्याचं कारणही मी नंतर शोधलं. नखाशेजारची सालं दातांनी ओढायची मला सवय होती. ते बारीक खरचटे म्हणजे विषाणूला उघडी दारं. सवय सुटत नाही तोवर नखाकडेच्या चामखिळी जात नाहीत, हे मी ठामपणे सांगू शकते. सतत ओले राहणारे हातही तसेच. मासे विकणाऱ्या, खाटीक, खानावळीत भांडी घासणाऱ्या माणसांच्या हातांवर त्या जास्त दिसतात, कारण भिजून मऊ झालेली कातडी लवकर फाटते. काम झालं की हात कोरडे करून साधं खोबरेल तेल लावा.

गोठवणं आणि जाळणं

बाटलीनं काम झालं नाही तर डॉक्टर द्रव नायट्रोजननं गोठवतात. त्याचं तापमान उणे १९६ अंश सेल्सिअस असतं. काही सेकंदांचा फवारा, नंतर फोड, दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा. तीन-चार वेळा करावं लागतं. तळव्यावरच्या चामखिळींबाबत एक गोष्ट जरूर सांगावीशी वाटते: २०११ साली ब्रिटनमध्ये २४० रुग्णांवर गोठवणं आणि ५० टक्के सॅलिसिलिक आम्ल यांची तुलना झाली. बारा आठवड्यांनी दोन्हीकडे पूर्ण बरे झालेले साधारण १४ टक्केच. म्हणजे घरची बाटली हलकी आणि दवाखान्यातली थंडी भारी, असं समजायचं कारण नाही. आणि तळव्याची चामखीळ दोघींनाही दाद देत नाही, हेही त्यातून कळतं.

विजेच्या सुईनं किंवा लेसरनं जाळणं हा झटपट उपाय वाटतो. मी दोनदा जाळून घेतल्या. जागा बधिर करायचं इंजेक्शन नखाशेजारी किती दुखतं ते ज्यानं घेतलं त्यालाच माहीत. दोन्ही वेळा दोन महिन्यांत परत आल्या, आणि माझ्या नखावर एक उभी खाच कायमची राहिली. एकच आणि अडचणीच्या जागी असलेली चामखीळ जाळायला हरकत नाही. पण सहा-सात असतील, पुन्हा पुन्हा येत असतील, तर कडेच्या दिसायला चांगल्या कातडीतही विषाणू असतो आणि जाळून तुम्ही त्याला पुरे पडत नाही.

हट्टी म्हणजे काय, आणि मग पुढे

दोन वर्षं झाली, दोन वेगळे उपचार नीट, पूर्ण काळ करून झाले, तरी आहे, किंवा संख्या वाढतेच आहे: याला मी हट्टी म्हणते. इथं आल्यावर आणखी जोरात जाळायचं नाही. इथं विचार बदलायचा.

आधी डॉक्टर एक प्रश्न विचारतात: शरीराची राखण कमी पडायला काही कारण आहे का? किडनी बदललेल्या माणसांना आयुष्यभर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागतात, त्यांना चामखिळी खूप येतात. दीर्घकाळ स्टेरॉइड, संधिवातावरची काही औषधं, एचआयव्ही, रक्ताचे काही आजार, यांतही त्या हटत नाहीत. मोठ्या माणसाला अचानक डझनभर आल्या तर साखर आणि एचआयव्हीची तपासणी सांगितली जाते, त्यात अपमान वाटून घेऊ नका. माझीही केली, दोन्ही ठीक होतं. मात्र चामखिळीसाठी स्वतःच्या मनानं किडनीची किंवा संधिवाताची गोळी बंद करायची नाही, कधीच नाही. आणि हेही लक्षात घ्या की हट्टी चामखीळ असलेले बहुतेक लोक बाकी ठणठणीत असतात. त्यांची प्रतिकारशक्ती कमजोर नसते, तिनं या एका विषाणूकडे बघितलेलंच नसतं.

मला बारामतीच्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी एमएमआरची लस सुचवली. गोवर, गालगुंड, रुबेला यांची, लहान मुलांना देतात तीच. पण दंडात द्यायची नाही, सगळ्यांत मोठ्या चामखिळीत टोचायची. कारण असं की शरीराला या लसीतले विषाणू ओळखीचे असतात. त्यांचा वास आला की लढणाऱ्या पेशी धावत येतात, आणि आल्यावर त्याच जागी पडलेला एचपीव्हीही त्यांच्या नजरेला पडतो. एकदा ओळख पटली की त्या पेशी रक्तातून सगळीकडे फिरतात, म्हणून न टोचलेल्या, लांबच्या चामखिळीही जातात. याच तत्त्वावर टीबीच्या तपासणीचं पीपीडी किंवा बीसीजीही टोचतात. आपल्याकडे जन्मतःच बीसीजी मिळते, डाव्या दंडावरचा तो व्रण बघा, त्यामुळे क्षयाच्या जंतूची ओळख आपल्या शरीराला बहुधा असते. भारतात आणखी एक लस वापरतात, मायकोबॅक्टेरियम डब्ल्यू, जी दिल्लीत डॉ. जी. पी. तलवार यांच्या कामातून कुष्ठरोगासाठी तयार झाली.

लस माझ्याच फ्रिजमधून घेऊन गेले, २ ते ८ अंशांत ठेवलेली, बर्फाच्या पिशव्यांच्या डब्यात. बाईंनी तिथं कोरडी पूड पाण्यात कालवली आणि अंगठ्याच्या सर्वांत मोठ्या चामखिळीच्या बुडाशी थोडीशी टोचली. दुखलं, चांगलंच दुखलं. रात्री कणकण आली, पॅरासिटामॉल घेतली. पहिल्या खेपेला काहीच फरक नाही. तीन आठवड्यांनी दुसरी. त्यानंतर नवव्या-दहाव्या दिवशी चामखीळ सुजली, लाल झाली आणि खाज सुटली. मी घाबरले, बिघडलं समजून फोन केला. बाई म्हणाल्या, "आता हात लावू नका. याचीच वाट बघत होतो." पाठोपाठ न टोचलेली तर्जनीवरची काळपट पडली, वाळल्या खपलीसारखी. तिसऱ्या इंजेक्शननंतर पाच आठवड्यांत सहाच्या सहा गेल्या. खाज, सूज, काळं पडणं, एकदम सगळ्यांत बदल, हे दिसलं की शरीरानं काम हातात घेतलं असं समजा आणि आम्ल लावणं थांबवा.

सगळ्यांचंच असं होत नाही. काहींना पाच इंजेक्शनं लागतात, काहींना अजिबात उपयोग होत नाही आणि दुसरा मार्ग धरावा लागतो. एमएमआरमध्ये जिवंत, दुबळे केलेले विषाणू असतात, म्हणून गरोदरपणी आणि प्रतिकारशक्ती दबलेल्या माणसाला ती देत नाहीत. बीसीजीचंही तेच.

ड जीवनसत्त्वाचं इंजेक्शनही चामखिळीत देतात, ६ लाख युनिटच्या बुटलीतून प्रत्येक चामखिळीत थोडं थोडं, दोन ते चार आठवड्यांच्या अंतरानं. त्यावर मला हमखास विचारतात, "मग ६० हजारचं सॅशे दुधातून घेतलं तर?" नाही. पोटातून घेतलेलं चामखिळीत इतकं पोचत नाही. इंजेक्शनचा परिणाम त्या जागेवरच्या पेशींवर होतो.

आपल्याकडच्या डॉक्टरांनी गाजवलेला आणखी एक उपाय आहे, चामखिळीचाच छोटा तुकडा काढून रुग्णाच्याच हाताच्या कातडीखाली खिशासारख्या चिरेत पुरायचा. ऐकायला विचित्र वाटतं, पण तर्क तोच: वरच्या थरात लपलेला विषाणू राखणदारांच्या वाटेत नेऊन ठेवायचा. अंगभर चामखिळी असतील तर डॉक्टरांना याबद्दल जरूर विचारा.

प्रतिकारशक्ती वाढवायच्या पुड्या

करोनापासून आमच्या रॅकवर अशा पुड्यांची रांग लागली आहे. चामखिळीसाठी त्या घेऊ नका, मी विकत असूनही सांगते. झिंकवर अभ्यास झालेत. काहींत मोठ्या मात्रेनं फायदा दिसला, काहींत नाही, आणि त्या मात्रेनं मळमळ मात्र बऱ्याच जणांना होते. रक्तात झिंक कमी असेल आणि डॉक्टरांनी दिलं तर घ्या. वर सांगितलं तसं अडचण ताकदीची नसून ओळखीची आहे, त्यामुळे च्यवनप्राश दुप्पट खाऊन ओळख होणार नाही. तंबाखू सोडणं, साखर ताब्यात ठेवणं, रात्रीची झोप, हे करा. त्याचा शरीराला खरा उपयोग आहे.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक, एचपीव्हीची लस, चामखिळीवर चालेल का असंही विचारतात. ती ६, ११, १६ आणि १८ या प्रकारांसाठी आहे, हातापायांच्या चामखिळींचे प्रकार त्यात नाहीत. मुलींना मात्र ती वेळेवर द्याच, गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी. आणि गुप्तांगावर चामखीळ असेल तर संकोच न करता डॉक्टरकडे जा, नवऱ्या-बायकोनं दोघांनीही. आमच्याकडून बाटली नेऊन तिथं लावू नका.

गेली हे कधी म्हणायचं

नुसती सपाट झाली म्हणजे गेली नव्हे. कातडीच्या रेषा त्या जागेवरून पुन्हा सरळ जायला लागल्या पाहिजेत. माझ्या अंगठ्याच्या पेरावर चामखीळ आणि वर आम्लानं सोललेली कातडी, त्यामुळे बँकेतल्या मशीनवर अंगठा लागायचाच नाही, दर वेळी डावा द्यावा लागे. इंजेक्शनं संपल्यावर अडीच महिन्यांनी सासूबाईंच्या खात्याच्या कामाला गेले, सवयीनं डावा पुढे केला, मग मागे घेऊन उजवा ठेवला. पहिल्याच खेपेला लागला. घरी येऊन भिंगातून बघितलं, रेषा पूर्ण, फक्त सोड्यानं भाजलं होतं तिथं थोडी पुसट.

त्यानंतर तीन महिने दर रविवारी उजेडात बघत जा. शेजारी बारीकसा खरखरीत ठिपका दिसला तर त्याच दिवसापासून बाटली सुरू करा, मोहरीएवढी असताना ती लवकर ऐकते. जुनी कानस, जुनी वजरी, उरलेल्या पट्ट्या कागदात गुंडाळून टाकून द्या. तळव्याची असेल तर बुटाच्या आतल्या गाद्याही बदला, आणि पोहायच्या तलावावर, वसतिगृहाच्या न्हाणीत अनवाणी न जाता स्लीपर घाला.